मुंगीला लागलेले पावणेतीन तास

माझ्या दादाचा मुलगा हुशार आहे. हे मी स्वतःहून कधी म्हटलेलं नाही, तशी वेळच कुणी माझ्यावर येऊ दिली नाही. गेल्या वर्षी शाळेच्या चाचणीतून तो निवडक बारा मुलांच्या वर्गात गेला. तेव्हापासून दादा फोनवर 'हॅलो'च्या जागी त्याची एखादी ताजी बातमी सांगतो. घरात त्या मुलाला सगळे प्रोफेसर म्हणतात. प्रोफेसर सात वर्षांचा आहे आणि त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही, पण दादाच्या मते तेही हुशारीचंच लक्षण आहे.

यंदा चाचणीला माझी मुलगी बसणार होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती एखाद्या कामाला लागली की तोंडातून शब्द काढत नाही आणि ते काम तडीला गेल्याशिवाय तिथून हलत नाही. बारापैकी अकरा जागा आदल्या दोन दिवसांत भरल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी त्या दिवशी सात मुलं होती आणि मुंगीचा नंबर सातवा होता. ती जागा मला हवी होती. मुंगीला हवी होती का, हे मी विचारलं नव्हतं. तिचा त्यात काय संबंध?

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती एका इस्पितळात एक्स-रे काढते. माणसांच्या आतलं रोज बघत असल्यामुळे बाहेरून कोण कसा दिसतो याचं तिला फारसं काही वाटत नाही.

"तुला दादाला फोन करता यावा म्हणून पोरीला बसवतोयस," ती सकाळी म्हणाली.

"तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

"आहे तसंच. पण असं तोंडावर म्हणू नये."

मी वजनमापं तपासतो. दुकानदारांचे तराजू, भंगारवाल्यांचे काटे, दूधवाल्यांची मापं. बॅगेत प्रमाणित वजनं घेऊन फिरायचं, काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर जप्त करायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे आता कुठेही नेऊन बसवलं तरी मला मोजायला काहीतरी लागतं. त्या दिवशी मी चाचणीच्या खोलीबाहेर, सहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या खुर्चीत, गुडघे कानांशी घेऊन बसलो होतो. मोजण्यासारखं एकच होतं. कोण आत गेलं आणि किती मिनिटांनी बाहेर आलं.

पद्धत अशी होती. शिपाई वर्गातून एका मुलाला घेऊन यायचा. चाचणीच्या बाई दार उघडून त्याला आत घ्यायच्या. चाचणी झाली की मूल परत वर्गात आणि शिपाई पुढचं आणायला. पालकांना आत काय झालं हे कुणी सांगायचं नाही आणि पालकांनी विचारायचं नाही. म्हणून पालक फक्त मुलाच्या तोंडाकडे बघायचे. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडावरून जेवढं कळतं तेवढंच कळायचं, म्हणजे खाऊ हवाय की नको.

पहिला मुलगा अकरा मिनिटांत बाहेर आला. दुसरी मुलगी चौदा मिनिटांत. तिसऱ्याला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. चौथा दहा मिनिटांत परत. तो बाहेर येताच त्याच्या आईने मोबाईल उघडून दुसऱ्या शाळेचे फोटो बघायला घेतले. आदल्या दिवशी आलेले एक आजोबा सांगून गेले होते की निवडलेली मुलं पाऊण-पाऊण तास आत होती. शिवाय प्रोफेसर गेल्या वर्षी पंचावन्न मिनिटं आत होता. हा आकडा दादाने मला इतक्या वेळा ऐकवला होता की तो मला माझ्या जन्मतारखेच्या आधी आठवतो.

मी वहीत आकडे मांडले, खाली रेघ मारली आणि शेजारच्या दंतवैद्याला हळूच म्हणालो, "जो जास्त वेळ आत, तो जास्त हुशार."

दंतवैद्याचा मुलगा सहावा होता. त्याने माझ्या वहीकडे बघितलं. "हे कुणी सांगितलं?"

"आकड्यांनी."

"माझ्याकडे उलटं असतं," तो म्हणाला. "जो जास्त वेळ आत, त्याचं जास्त बिघडलेलं." पण घड्याळ मात्र त्यानेही मनगटावरून काढून हातात घेतलं.

समोरच्या बाकावर एक आई मांडीवर वही घेऊन बसली होती. तिने हे ऐकलं आणि लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. शिपायाने 'पाणी तिकडे आहे' म्हटलं तेही तिच्या वहीत असणार. तिचा मुलगा पाचवा. तो बावीस मिनिटांत बाहेर आला तेव्हा तिने वही मिटली, पण घरी काही गेली नाही. दंतवैद्याचा मुलगा बासष्ट मिनिटांनी आला. दंतवैद्य उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि मला म्हणाला, "तुमचा हिशेब बरोबर वाटतोय हं."

बारा वाजून वीस मिनिटांनी मुंगी आत गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कामाला लागलेली मुंगी कशी दिसते ते मला माहीत आहे, आणि ती तशीच दिसत होती. मला बरं वाटलं.

पंधरा मिनिटं गेली. बावीस गेली. अठ्ठेचाळीस गेली. पंचावन्नाव्या मिनिटाला मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन दादाला फोन लावला.

"अरे, प्रोफेसरने काल शेजारच्यांचं कुलूप..."

"दादा, मुंगी अजून आत आहे."

"म्हणजे?"

"पंचावन्न मिनिटं झाली."

दादाने प्रोफेसरचं कुलूप तिथेच सोडलं. असं त्याने पहिल्यांदाच केलं होतं. "झोपली नसेल ना रे?" तो म्हणाला.

बासष्ट मिनिटं उलटली तेव्हा दंतवैद्याने घड्याळ मनगटावर परत बांधलं. दीड तास होईपर्यंत बातमी इतरांपर्यंत गेली आणि घरी गेलेले दोन पालक परत आले. वहीवाल्या आईने माझ्याजवळ येऊन वही उघडली.

"सकाळी काय खाते ती?"

"जे असेल ते."

"किती वाजता झोपते?"

"झोप आली की."

"म्हणजे तुम्ही काही विशेष करत नाही?"

"छे, काहीच नाही," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं. पण मी ते अशा आवाजात म्हणालो की बाई लिहिता लिहिता थांबली, आणि 'हा माणूस सांगत नाहीये' असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

दोन तास होत आले तेव्हा दार उघडलं. चाचणीच्या बाई एकट्याच बाहेर आल्या. सकाळी चापूनचोपून बांधलेले केस आता कानांवर आले होते. त्यांनी माठातून एक ग्लास पाणी घेतलं, उभ्याउभ्या प्यायल्या, आणखी एक घेतला. आमच्याकडे बघितलं. मान हलवली, पण कशासाठी ते कळलं नाही. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"हात टेकले बाईंनी," दंतवैद्य म्हणाला. आवाजात आदर होता. मग त्याने त्याची खुर्ची माझ्याकडे सरकवली. ती मोठ्या माणसांची होती. सगळ्या व्हरांड्यात तेवढी एकच.

मी बसलो. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी दार पुन्हा उघडलं. "मुंगीचे बाबा, आत या."

मुंगी बाईंच्या फिरत्या खुर्चीत बसून सावकाश गोल फिरत होती. बाई स्वतः लाकडी स्टुलावर होत्या. टेबलावर जाडजूड चित्रांचं पुस्तक, त्याच्या शेजारी उत्तरांचा कागद.

"चौतीस," बाई म्हणाल्या.

"नव्वदच्या वर लागतात ना?"

"हो."

"शंभरपैकी चौतीस?"

"शंभरपैकी."

मी कागद मागितला. तो पालकांना दाखवायचा नसतो, पण पावणेतीन तासांनी बाईंच्या अंगात नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. पहिली अठरा उत्तरं बरोबर. मग चार फुल्या आणि एक बरोबर. पुन्हा चार फुल्या, एक बरोबर. चार, एक. चार, एक. थेट खालपर्यंत. शेवटच्या दोन फुल्यांपाशी पुस्तकच संपलं होतं.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. काटा बिघडला की कसाही चुकतो, कधी पुढे, कधी मागे. पण काटा जर नेमाने चुकत असेल, दर वेळी तेवढाच, तर काट्याला हात लावू नका. दुकानदाराकडे बघा.

मी दुकानदाराकडे बघितलं. ती गोल फिरत होती.

"बाई," मी विचारलं, "पाच सलग चुकले तर काय करता तुम्ही?"

"पुस्तक मिटते. तसा नियमच आहे. मुलाला उगाच त्रास नको."

"आणि एक चुकलं तर?"

"तर पान उलटायचं नाही. 'अजून एकदा बघ, घाई नाही' म्हणायचं आणि दोन मिनिटं द्यायची. बरोबर आलं की लगेच पुढे." एवढं बोलून बाई थांबल्या. त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि बोट ठेवून वरपासून खालपर्यंत मोजला. मग स्टुलावर जरा मागे सरकल्या. स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून लगेच पुढेही आल्या.

"मुंगी," मी म्हणालो, "पाच चुकले की बाई पुस्तक मिटतात हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या वर्गाला माहितीये," मुंगी म्हणाली. "पहिला आला ना परत, त्यानेच सांगितलं. मग दुसरीने पण."

बाहेर सात कुटुंबांनी मिळून वही, घड्याळ आणि माझी वीस वर्षांची नोकरी पणाला लावून जे शोधलं नव्हतं, ते वर्गातल्या पोरांनी पहिल्या पंचवीस मिनिटांत शोधलं होतं.

"मग तू मुद्दाम चुकवलीस?"

"सगळी नाही. पाचवं नाही चुकवलं."

"पण का?"

मुंगीने खुर्ची पायाने थांबवली. "आमच्या वर्गात सत्तावन्न जण आहेत. सर पुढच्या बाकापासून विचारत येतात. माझ्यापर्यंत आले की घंटा होते." मग बाईंकडे हात केला. "या मलाच विचारत होत्या."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन दोन मिनिटं ती गप्प बसायची असं समजू नका," त्या म्हणाल्या. "बदकाच्या पायात बूट का नाहीत, हे घर कुणाचं, या माणसाची बायको कुठेय. मी उत्तरं दिली. खरं म्हणजे चाचणीत परीक्षकाने बोलायचं नसतं. पण सहा वर्षं मीच मुलांना विचारतेय. मला कुणी काही विचारलंच नव्हतं हो."

"मग आता?"

"आता आकडा चौतीस. तो मला बदलता येत नाही. आणि पुन्हा चाचणी वर्षभर घेता येत नाही." त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "एकाच परिस्थितीत घेता येते. परीक्षकाची चूक झाली असा पालकांनी अर्ज केला तर. मी बोलले, ही चूकच आहे. तुम्ही लिहा. उद्या दुसऱ्या परीक्षक येतील. जागा उद्या संध्याकाळपर्यंत रोखून ठेवता येईल मला."

"तुमचं काय होईल?"

"पुढच्या वर्षी बहुतेक हस्ताक्षराचा तास देतील." हे त्या अगदी सहज म्हणाल्या. हस्ताक्षराचा तास घेण्याची तयारी मनातल्या मनात झाली असावी.

मी पेन काढलं. लबाडी नव्हती त्यात, बाई बोलल्याच होत्या. तपासणीत हे मला सापडलं असतं तर मी दोन मिनिटांत जप्तीचा कागद केला असता. आणि जागा होती, एकच, आणि दादाचा फोन संध्याकाळी येणार होता.

मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कुणालातरी 'श्वास रोखा, हलू नका' म्हणून ती परत आली. "तिला विचारलंस का?"

"कशाबद्दल?"

"श्वास सोडा," ती म्हणाली. मला की पेशंटला ते कळलं नाही. फोन मात्र माझा ठेवला गेला.

"मुंगे, उद्या पुन्हा चाचणी झाली तर सगळी बरोबर देशील?"

"याच बाई असतील?"

"नाही, दुसऱ्या."

तिने विचार केला. "मग देईन. लवकर संपेल." तिला ते येत होतं याबद्दल तिच्या आवाजात शंकाही नव्हती आणि अभिमानही नव्हता. जेवायला ये म्हटल्यावर 'येते' म्हणावं, तसं. "सगळी दिली तर काय होतं?"

"तुला बारा मुलांच्या वर्गात बसवतात. प्रोफेसर बसतो तसं."

"आणि चौतीसच राहिले तर?"

हे मला माहीत नव्हतं. मी बाईंकडे बघितलं.

"चाळीसच्या खाली असेल," बाई अडखळत म्हणाल्या, "तर मूल मागे पडतंय असं धरतात. मग रोज एक तास त्याला वेगळं शिकवायचं. एकट्याला."

"कोण शिकवतं?" मुंगीने विचारलं.

"मीच."

मुंगीने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. चुकलेल्या मुलाकडे बाईंनी बघावं तसं, न रागावता, भरपूर वेळ देऊन. "बाबा," ती म्हणाली, "अजून एकदा बघ. घाई नाही."

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी परीक्षकाच्या चुकीचा फॉर्म बाईंना परत दिला आणि मागे पडलेल्या मुलांचा मागून घेतला. त्यात पालकाची सही एकाच ठिकाणी लागते. 'पाल्य कोणत्या बाबतीत कमी पडते' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. बाईंनी 'वेळ' असं लिहिलं.

"हिचे गुण सुधारले की तास बंद होतो, हेही सांगायला हवं," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या.

"तिच्यासमोर सांगू नका," मी म्हणालो.

बाहेर आलो तर व्हरांड्यातले सगळे उभे होते. थोड्या वेळाने शिपायाने यादी लावली. बारावं नाव दंतवैद्याच्या मुलाचं होतं. दंतवैद्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो यादी सोडून मुंगीकडेच बघत होता. त्याने मला बाजूला घेतलं.

"तुमच्या मुलीचं काय? सरळ वरच्या इयत्तेत?"

"नाही. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था केलीये," मी म्हणालो. "रोज एक तास. बाई तिला एकटीलाच शिकवणार."

"एकटीलाच!"

वहीवाल्या आईने वही उघडली.

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या बाईंकडे चार पालक येऊन गेले असं कळलं. मुलाला बारांच्या वर्गात नको, एकट्याच्या तासाला घ्या, म्हणत होते. त्यात एक दंतवैद्यही होता. कशासाठी असतो तो तास, हे बाईंनी त्यांना सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही.

दादाचा फोन चाचणीच्या दिवशीच संध्याकाळी आला होता. दादाला गोष्ट नको असते, आकडा हवा असतो. "किती?"

"चौतीस."

"काय सांगतोस!"

आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. दादा हळवा झाला. लहानपणी मी विहिरीच्या काठावर बसायचो तेव्हा तो माझी कॉलर धरून उभा राहायचा, त्या आवाजात तो बोलायला लागला. "अरे, सगळीच मुलं सारखी नसतात. मनाला लावून घेऊ नकोस. तू जेवलास का?" प्रोफेसरचं नाव त्याने काढलं नाही. वीस मिनिटं त्याने मला फक्त माझ्याबद्दल विचारलं. गुडघा कसा आहे, साहेब अजून त्रास देतो का, बायको काय म्हणते. पंधरा वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. मला फुल्या आणि खुणांचं सगळं सांगायचं होतं, तोंडही उघडलं होतं. ते मिटलं.

"वर्ग तरी झेपतोय ना रे तिला?"

"बघू," मी म्हणालो.

"वाचता येतं ना?"

"हळूहळू."

"आकडे?"

"जरा अवघडच आहे."

"काळजी घे," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता फोन ठेवायच्या बेताला आला होता. "चल, मग बोलू..."

"तिला सतरापर्यंतचे पाढे येतात, हं," मी घाईघाईने म्हणालो.

"हो? सतरापर्यंत?" दादा पुन्हा नीट बसल्याचा आवाज आला. "अरे मग आहे की आशा! थांब, तुला सांगतो काय करायचं..."

मी खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि पाय वर घेऊन बसलो.